सीमेवरची नारळाची झाडं

रविवार, २४ नोव्हेंबर

निवृत्त होऊन सहा महिने झाले. आज सकाळी निशा म्हणाली, "अहो, तुम्ही घराबाहेर काहीतरी करा." मी विचारलं, काय करू? म्हणाली, "काहीही. फक्त बाहेर." माझ्या ज्ञानाचा समाजाला उपयोग व्हावा असं तिला फार मनापासून वाटतं.

संध्याकाळी पुतण्या भाविक आला. आमच्या भिवंडीजवळच्या टेमघरमधलं त्याचं एक गोडाऊन भाडेकरू गेल्यापासून रिकामं आहे. डेकोरेशनच्या धंद्यातला प्रोजेक्टर आणि मोठा पडदाही त्याच्याकडे पडून आहे. "काका, दर रविवारी जुने पिक्चर दाखवू. फुकट. सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम या वर्षी मला मोठा करायचाय, तोवर लोकांना इथे यायची सवय लागेल. तुम्ही सुरुवातीला दोन शब्द बोला."

मी दोन अटी घातल्या. एक, फक्त युद्धपट. दोन, त्यात जिथे इतिहासाची मोडतोड असेल तिथे मी सिनेमा थांबवून खरं काय ते सांगणार. उभ्या नोकरीत मी इतिहास शिकवला आणि मुलांनी पेपरात सिनेमा लिहिला. एकाने तर लिहिलं होतं की सेनापतीच्या बहिणीने गाणं म्हटलं म्हणून तह झाला. मी त्याला शून्य दिलं, तर त्याच्या वडिलांनी येऊन मला त्या गाण्याची चाल म्हणून दाखवली. आता हिशेब चुकता करायची वेळ आली आहे.

भाविक माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "थोडक्यात सांगा मात्र." तरुण पिढीत एवढी उत्सुकता पाहून बरं वाटलं.

रविवार, १ डिसेंबर

पहिला खेळ. गोडाऊन भरलं होतं. टेमघरची मंडळी, शेजारच्या कापडाच्या लूमवरचे कामगार, बायका, पोरं. सिनेमा 'चौकी नंबर नौ'. पासष्टच्या लढाईवरचा, कृष्णधवल. एकटा नायक वाळवंटातली चौकी राखतो, शत्रूच्या रणगाड्यावर चढतो, झाकण उघडून आत हातबाँब टाकतो आणि आईचा फोटो छातीशी धरून मरतो.

चुकांचा नुसता सुकाळ. शिपायांचे पट्टे चुकीचे, हेल्मेटं तिसऱ्याच देशाची, आणि रणगाडा म्हणजे ट्रॅक्टरवर पत्रे ठोकलेले असावेत असा माझा कयास आहे. कळस म्हणजे चौकीच्या मागे नारळाची झाडं. राजस्थानच्या वाळवंटात! मी रिमोट दाबून तिथे थांबवलं आणि नारळाला लागणारी हवा, पाणी आणि माती समजावून सांगितली. लोक इतके शांत होते की काही जण तर डोळे मिटून ऐकत होते.

नायक मरतानाचा प्रसंग महत्त्वाचा. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. तो "मां..." म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात मला त्याच्या हातातली रायफल नीट दिसली. ती आपल्या सैन्यात कधी नव्हतीच. मी थांबवलं. रायफलीचा इतिहास सांगेपर्यंत तो बिचारा पडद्यावर तोंड उघडून तसाच राहिला. मागून एक लूमवाला ओरडला, "मास्टरजी, पहले मरने तो दो बेचारे को!" लोक हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं.

दोन तासांचा सिनेमा चार तासांत संपला. शेवटी माझ्यासमोर निशा होती आणि झोपलेले दोघे. ज्यांना विषयाची खरी गोडी असते तेच टिकतात.

रविवार, ८ डिसेंबर

आज गर्दी कमी. हळदीचे दिवस आहेत, गावोगाव डीजे लागलेत, त्याला कोण काय करणार.

आज रिमोटमधले सेल गायब होते. मी पडद्यासमोर उभा राहून हात वर केला की भाविकच्या माणसाने सिनेमा थांबवायचा असं ठरलं, पण त्याला हात दिसेना. माइकही माझी वेळ आली की बंद पडायचा आणि मी खाली बसलो की सुरू व्हायचा. वायरिंगचा काही दोष असावा. भाविक अगदी मनापासून शोधत होता.

निशा वालाच्या शेंगा घेऊन आली होती. माझं बोलणं संपेपर्यंत सगळ्या सोलून झाल्या.

मंगळवार, १० डिसेंबर

भाविकशी वाजलं. म्हणाला, "काका, लोक पिक्चर बघायला येतात, पेपर तपासायला नाही."

मी म्हटलं, "करमणूक झाली म्हणून खोटं खरं होत नाही."

"मग खरं करमणुकीसारखं सांगा ना."

"इतिहास म्हणजे तमाशा नव्हे."

"रविवारी तेरा माणसं होती काका. त्यात आपल्या घरची चार."

मी त्याला सांगितलं की सत्य ऐकायला एक माणूस असला तरी पुरे. स्वयंपाकघरातून निशा म्हणाली, "तो एक माणूस मी असेन, तर मलाही विचारा जरा." तिचा विनोद कधीकधी नेमका कळत नाही.

रविवार, १५ डिसेंबर

मोठी गोष्ट घडली. शेलार गावाहून विठूदादा आले. विठूदादा म्हणजे एकाहत्तरच्या लढाईतले जवान. वय पंचाहत्तरीला आलेलं, मिशी अजून ताठ. त्यांनी युद्धात एकट्याने रणगाडा फोडला हे शेलारमध्ये पोराटोरांना ठाऊक आहे. त्यांना स्कूटीवर बसवून घेऊन आली ती नात करिष्मा. विशीतली, पोलीस भरतीची तयारी करते. म्हणाली, "सर, आजानं टँक फोडला, मग मला आठशे मीटर धावायला काय झालं?"

मला कोण आनंद! प्रत्यक्ष रणांगण पाहिलेला साक्षीदार. आता नारळवाल्यांची तोंडं बंद होणार. विठूदादांनी हट्टच धरला, "चौकी नंबर नौच लावा." लावला. ते पुढच्या खुर्चीवर ताठ बसून बघत होते आणि सिनेमाभर त्यांचे ओठ हलत होते. गेलेल्या साथीदारांसाठी मनातल्या मनात प्रार्थना करत असावेत. मला भरून आलं.

मग मी त्यांना पुढे बोलावलं. "विठूदादा, तुम्ही स्वतः त्या वाळवंटात लढलात. सांगा लोकांना, यात काय काय चुकीचं आहे?"

"काय बी न्हाय. समदं बरोबर हाय."

"असं कसं? लढाईच्या मध्ये शिपाई गाणं म्हणतात!"

"म्हनायचे. आमी बी म्हनायचो."

"आणि नारळ? वाळवंटात नारळाची झाडं होती?"

त्यांनी जरा विचार केला. "एक होता," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा. मला नव्हे.

शुक्रवार, २० डिसेंबर

भाविकने ठरवलंय की सव्वीस जानेवारीला विठूदादांचा जाहीर सत्कार करायचा आणि त्यांच्या पराक्रमावर मी बोलायचं. म्हणून आज शेलारला त्यांच्या घरी गेलो. करिष्मा नुकतीच धावून आलेली, घाम पुसत शेजारी बसली.

विठूदादांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेत राहिलो. चौकीवर ते एकटेच उरलेले. दारूगोळा संपलेला. समोरून रणगाडा येतोय. खिशात आईचा फोटो. काय सांगतो हा माणूस! मध्येच उठून उभे राहिले, अंगणात वाकून धावले, पाण्याच्या पिंपावर चढायला निघाले. करिष्माने धरलं. "मंग झाकन उघारलं नि बोल्लो, दुश्मन, ये हिंदुस्तान की मिट्टी है!" आवाजही वेगळाच लागला होता त्यांचा, खर्जातला. मी भारावलो होतो.

परत येताना नाक्यावर रिक्षा अडकली. मी लिहिलेलं वाचत होतो. 'नारळाच्या झाडामागं लपलो, तिथून रणगाड्यावर उडी मारली.'

रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागलं की उतरा, टेमघर आलं.

रविवार, २९ डिसेंबर

आजचा खेळ मी रद्द करायला लावला. डोकं दुखत होतं. विठूदादांनी आपली लढाई म्हणून जे सांगितलं ते अथपासून इतिपर्यंत 'चौकी नंबर नौ' होतं. मी सिनेमा पुन्हा लावून ताडून पाहिलं. पिंपसुद्धा होतं.

मी निशाला म्हटलं, "हे जगापुढे यायला हवं. सत्य ते सत्य."

ती म्हणाली, "आणि ती पोरगी? सकाळी अंधारात उठून धावते ती कशाच्या जोरावर?"

"म्हणून काय मी भर सभेत खोटं बोलू?"

"बोलू नका. पण आधी त्या माणसाला विचारा तरी. एकट्याला. पेपर न तपासता."

गुरुवार, ९ जानेवारी

विठूदादा पाठदुखीसाठी आठवड्यातून एकदा वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बसायला जातात. भिवंडीहून एस्टी पकडून मीही गेलो. दोघं पंचा लावून गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. पाणी इतकं कढत की प्रस्तावना करायला सवडच मिळाली नाही. मी सरळ म्हटलं, "विठूदादा, राजस्थानात नारळ होत नाही."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाले, "ठाव हाय मना. मी तिथं होतो ना."

"मग?"

"मी डायवर होतो मास्तर. रेशनच्या गाडीवं. आटा, बटाटा, कांदा. टँक मी लांबून बी न्हाय बगितला."

लढाईत त्यांच्या बाबतीत घडलं ते एवढंच. पुढच्या एका चौकीवर दोन दिवस शिधा पोचला नव्हता. विठूदादा कांदा-बटाट्याची गाडी घेऊन निघाले आणि मध्येच गाडी अडून बसली. मग गोण्या पाठीवर घेऊन त्यांनी रेतीतून चौकी गाठली. एक टाकली, परत आले, दुसरी नेली. तीन खेपा केल्या. चौथी उचलताना पाठीत जे काही झालं ते अजून आहे. त्याच्याचसाठी ते दर आठवड्याला या कुंडात येतात.

"सुटीवं घरी आलो," ते सांगत होते, "तं समदा गाव जमला आयकायला. मी कांद्याचं सांगितलं. एकेक जन उठून जेला. आय तेवरी बसून होती, ती बी पेंगत होती. मंग हितं जत्रंत तंबूत ह्यो शिनेमा आलता. मी तीन दीस बगितला. घरी जेलो नि सांगितला. मास्तर, एक मानूस उठला न्हाय."

गोडाऊनमधल्या रिकाम्या खुर्च्या का कोण जाणे डोळ्यांपुढे आल्या. विषयाशी त्यांचा संबंध नव्हता.

"तुमी बोला काय बोलाचं तं," ते म्हणाले. "पन टँक ऱ्हाऊ द्या. पोरगी त्या टँकच्या जिवावं धावतं."

बाहेर आलो तेव्हा दोघेही उकडलेल्या रताळ्यासारखे लाल झालो होतो. त्यांनी माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

सोमवार, २० जानेवारी

भाविकने स्टेजसाठी रणगाडा बनवायला घेतलाय. लूमच्या मालाचे मोठे पुठ्ठे, वर हिरवा रंग, आणि तोफ म्हणून पाइप. विठूदादांना त्यावर बसवून सत्कार. मी सांगितलं की तोफेची जाडी साफ चुकली आहे.

"काका, तो पीव्हीसी पाइप आहे. दुकानात जो मिळाला तो आणला."

मी वाद घातला नाही. अलीकडे वाद घालायची इच्छा होत नाही. भाषण लिहून झालंय. त्यात रणगाडा ठेवलाय. नारळ तेवढा काढला. निशाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे." मग दिवसभर माझ्याशी फारसं बोलली नाही.

रविवार, २६ जानेवारी

घडलं तसं लिहितो.

झेंडावंदनानंतर गोडाऊनमध्ये कार्यक्रम. पाय ठेवायला जागा नव्हती. शेलारहून दोन टेम्पो भरून माणसं आलेली. विठूदादा पदकं लावून पुठ्ठ्याच्या रणगाड्यावर बसले होते, आणि रणगाडा एका बाजूला हळूहळू खचत होता. करिष्मा पहिल्या रांगेत, ट्रॅकसूट घालून.

मी माइक हातात घेतला. (आज तो नीट चालत होता.) म्हणालो, "वाळवंटातली ती चौकी. समोरून शत्रूचा रणगाडा येत होता..." तेवढ्यात विठूदादांकडे लक्ष गेलं. त्यांचे ओठ हलायला लागले होते. माझ्या तोंडून वाक्य निघायच्या आधी ते त्यांच्या ओठांवर होतं. आणि माणूस खाली मान घालून आपल्याच गुडघ्यांकडे बघत होता. सत्काराला बसलेला माणूस असा बसत नाही.

पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. खोटं बोलवेना, आणि खरं सांगावं तर टँक राहू देण्याचं मी वचन दिल्यासारखं होतं. लोक वाट बघत होते. मागे कुणीतरी खोकलं.

"तो रणगाडा फुटला," मी म्हणालो. "आपल्या जवानांनी फोडला. पण त्या जवानांच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता. उपाशी माणसाच्या हाताला किती जोर असतो? त्यांना भाकरी कुणी पोचवली, हे कुठला सिनेमा तुम्हाला सांगणार नाही. मी सांगतो."

आणि मग काय झालं मला सांगता येत नाही. धुकं सुरू झालं. म्हणजे मी सुरू केलं. इतकं दाट की गाडीचं नाक दिसू नये. शेलारचा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा एकटा गाडी हाकतोय, दिवे बंद, इंजिनाचा आवाज शत्रूला जाईल म्हणून श्वाससुद्धा धरून ठेवलेला. आणि धडाम्! शेजारी बाँब पडला. गाडी जागच्या जागी बंद! इथे पुढच्या रांगेतल्या एका आजीने "अगो बाय" म्हणून छातीवर हात ठेवला. मी थांबलो. मुद्दामच थांबलो. आत्तापर्यंत मी माणसांना पुष्कळ थांबवलं, पण थांबलेल्या माणसांना पुढचं हवंय असं आज पहिल्यांदा पाहिलं.

"तो परत फिरू शकला असता," मी म्हणालो. "त्याने गोणी पाठीवर घेतली."

पहिली खेप, दुसरी, तिसरी. रेतीत पाय रुततायत. गोणी फाटलीय, एकेक कांदा मागे पडतोय, तो वाकून उचलतोय, कारण त्या एकेका कांद्यावर तिकडे एकेक माणूस उभा आहे. चौकीवरचे जवान बंदूक रोखून ओरडतात, कौन है? आणि अंधारातून आवाज येतो, "कांदा लाया हूं, साब!"

गोडाऊन हसलं आणि त्याच हसण्यात रडलं. टाळ्या थांबेनात. मागून तोच लूमवाला ओरडला, "मास्टरजी, फिर से सुनाओ!" भाविक तोंड उघडं टाकून बघत होता. निशाच्या मांडीवर शेंगांची पिशवी होती. तिने ती उघडलीसुद्धा नव्हती.

विठूदादा रणगाड्यावरून उतरायला गेले आणि तो बसला. पाइप लोकांत जाऊन पडला. करिष्मा स्टेजवर चढली. मला धडकी भरली.

"आजा, टँक तू नाय फोडला?"

विठूदादांनी आधी कंबर धरून पाठ सरळ केली. मग म्हणाले, "टँक फोडाया लई होते गो. कांदा न्यायला मीच होतो."

ती रुसली असं वाटलं. मग म्हणाली, "गोणी किती किलोची?"

"पन्नास."

"रेतीत? तीन खेपा?"

"चवथीला पाठ जेली."

"मला दहा किलो घेऊन मैदानावर एक चक्कर होत नाय," ती म्हणाली, आणि त्यांची पाठ चाचपून बघायला लागली, डॉक्टर बघतो तशी. विठूदादा "आगं, आगं, तिथं न्हाय, खाली, खाली" म्हणत होते, आणि सगळा गाव तिथे गोळा होऊन कुठे दुखतं ते बघत होता.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी करिष्मा विठूदादांना घेऊन घरी आली. मला वाटलं आभार मानायला. विठूदादा खुर्चीच्या कडेवर बसले. चहा घेतला नाही.

"मास्तर, धुकं नव्हतं. दुपार होती."

मी म्हटलं, हो, ते जरा...

"नि मी कंदी बोल्लो गोनी फाटली? सरकारी गोनी होती ती. मी जपून नेली. लोक काय बोलतील, ह्याला गोनी नीट धरता येत न्हाय."

"बरं, गोणी फाटली नाही."

"नि बाँब कुठला? बाँब न्हाय पडला. टायर फुटला. मागला."

मी त्यांना समजावलं की प्रसंगाचा मूळ गाभा मी तसूभरही बदललेला नाही. श्रोत्यांना त्या क्षणाची दहशत कळावी एवढ्यापुरती मांडणी केली. शिवाय आवाज दोन्हींचा सारखाच असतो. विठूदादांना ते पटलं नाही. मी तिथं होतो की तुम्ही, असं विचारू लागले. आतून निशाचं हसू ऐकू येत होतं. बऱ्याच दिवसांनी.

जाताना करिष्मा म्हणाली, शेलारच्या शाळेत पुढच्या सोमवारी पुन्हा सांगायला बोलावलंय, आजानं यायचं आणि सरांनी बोलायचं. विठूदादा उंबऱ्यात थांबले. "टायर बोलाल तं येतो," म्हणाले.

टायरच म्हणेन. पण मोठा होता, असं म्हणायला त्यांची हरकत नसावी.